गोणपाटातले शंभर दाणे : अपयश कधी शिकवतं आणि कधी नुसतं मोडतं

मे महिना सरत आला की माय एक जुनं गोणपाट धुऊन घेते. ओलं गोणपाट ओसरीत पसरते आणि गेल्या हंगामातल्या घरच्या सोयाबीनच्या पोत्यातून मूठभर दाणे काढते. निवडून नाही, हाताला लागतील तसे. दहा ओळी, ओळीत दहा दाणे. त्यावर दुसरं ओलं गोणपाट, मग सगळ्याची वळकटी, आणि ती वळकटी रांजणाच्या आडोशाला सावलीत. रोज सकाळी पाण्याचा हबका. सहाव्या-सातव्या दिवशी वळकटी उलगडायची आणि चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. ७० किंवा त्याहून जास्त भरले तर बियाणं पेरायच्या लायकीचं. थोडे कमी भरले तर एकरी बियाणं वाढवायचं. फारच कमी भरले तर ते पोतं बाजार समितीत जातं आणि बियाणं दुसरीकडून आणावं लागतं.

शंभरातले २८ दाणे कुजून निघाले म्हणून माय कधी कपाळाला हात लावत नाही. "बहात्तर. पेरासारखं हाय," एवढं म्हणते, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूला आकडा लिहिते आणि चुलीकडे वळते.

आता तेच बियाणं जूनमध्ये पहा. मृगाचा पहिला पाऊस पडतो, शेजाऱ्याची तिफन निघते, आपलाही जीव राहत नाही. जमिनीत ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस मुरल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं, पण मोजायला वावरात पर्जन्यमापक कुठे असतो? पेरणी होते आणि पाऊस दडी मारतो. दाणा फुगतो, कोंब काढतो आणि तापलेल्या मातीत करपून जातो. बियाणं गेलं, खत गेलं, मजुरी गेली, हंगामाचे पंधरा दिवस गेले. दुबार पेरणीसाठी पुन्हा कोणाच्या तरी दारात उभं राहणं आलं.

ओसरीतलं ते अपयश आणि वावरातलं हेही अपयशच. शाळेच्या भिंतीवर "अपयश ही यशाची पहिली पायरी आहे" असं रंगवलेलं असतं. ते वाक्य खोटं नाही, पण अर्धंच आहे. कोणतं अपयश, केवढं, त्याचं कारण दिसतं की नाही, आणि दुसऱ्यांदा पेरायला हातात काही उरतं की नाही, हे त्यात नाही. इथल्या पोरांना आणि शेतकऱ्यांना "अपयश स्वीकारा" असं सांगायचं असेल तर आधी हा उरलेला अर्धा भाग नीट समजून घ्यायला हवा. मला वाटतं, अपयश पचायला तीन गोष्टी लागतात: ते झेपेल एवढं लहान असावं, त्याचं कारण वाचता यावं, आणि पुढची संधी शिल्लक असावी. यातलं एक जरी नसलं तरी माणूस शिकत नाही, नुसता थकतो.

मेंदू चुकीतून शिकतो म्हणजे काय होतं

रोज सकाळी साडेसातची एसटी फाट्यावर येते. ती वेळेवर आली तर तुम्ही काहीच शिकत नाही. जे ठाऊक होतं तेच घडलं. एखाद्या दिवशी ती आलीच नाही की मात्र डोकं कामाला लागतं: आज बाजाराचा दिवस आहे का, डेपोत काही झालं का, उद्या काळीपिवळीची सोय बघून ठेवावी का. ती न आलेली एसटी जेवढं शिकवते, तेवढं आलेल्या शंभर गाड्या शिकवत नाहीत.

मेंदूतही असंच चालतं, हे १९९०च्या दशकात वोल्फ्राम शुल्त्झ या शास्त्रज्ञाच्या माकडांवरच्या प्रयोगांतून दिसलं. मेंदूत डोपामीन नावाचं रसायन सोडणाऱ्या काही पेशी असतात. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला की या पेशी जोरात चेतत. मग रसाच्या आधी दरवेळी एक खूण दाखवायला सुरुवात केली. काही दिवसांत पेशी ती खूण दिसताच चेतू लागल्या आणि खुद्द रस मिळाल्यावर शांत राहू लागल्या, कारण तो अपेक्षितच होता. सगळ्यात महत्त्वाचं पुढे आहे. खूण दाखवली पण रस दिलाच नाही, तेव्हा रस यायला हवा होता नेमक्या त्याच क्षणी त्या पेशींची हालचाल नेहमीपेक्षा खाली गेली. १९९७ मध्ये शुल्त्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी याचा अर्थ मांडला: मेंदू बक्षीस मोजत नाही, अपेक्षा आणि घडलेलं यांतलं अंतर मोजतो. जिथे अंतर, तिथे शिकणं.

दुसरा शोध त्याच दशकाच्या सुरुवातीचा. डोक्याला तारा लावून मेंदूतली विजेची हालचाल नोंदवतात, तेव्हा असं दिसलं की चुकीचं बटण दाबल्यावर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आतच मेंदूत एक ठरावीक लहर उमटते. कोणी "चुकलास" म्हणायच्या कितीतरी आधी.

म्हणजे चूक ओळखायची यंत्रणा आपल्या सगळ्यांकडे आहे. मग तीच तीच चूक आपण वर्षानुवर्षं का करतो?

याचं एक उत्तर २०१९ मध्ये लॉरेन एस्क्रीस-विंकलर आणि आयेलेट फिशबाख या शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी दिलं. त्यांनी लोकांना प्रश्न विचारले, प्रत्येकाला दोनच पर्याय. उत्तर बरोबर असेल तर "बरोबर" सांगायचं, चूक असेल तर "चूक". पर्याय दोनच असल्यामुळे "चूक" म्हटलं तरी खरं उत्तर आपोआप कळतं, माहिती दोन्हीकडे सारखीच. तरीही नंतर पुन्हा विचारल्यावर, ज्यांना "चूक" ऐकावं लागलं होतं ते कमी शिकलेले निघाले. अपयश कानावर पडताच मन आतून दार लावून घेतं. लक्षच राहत नाही. पण तीच चूक दुसऱ्या कोणाची म्हणून पाहिली, तेव्हा लोक तिच्यातून छान शिकले.

हे वाचलं तेव्हा मला आमचा धुरा, म्हणजे दोन वावरांमधला बांध, आठवला. शेजारच्या वावरात सोयाबीन विरळ उगवलं की आमचे काका धुऱ्यावरून एका नजरेत निदान करतात. "खोल पडलं त्याचं. चार बोटं खाली गेल्यावर सोयाबीन कुठून निंघते?" निदान अगदी बरोबर असतं. सोयाबीन तीन ते पाच सेंटिमीटरपेक्षा खोल गेलं की त्याला माती फोडून वर येणं जड जातं. आणि त्याच काकांच्या वावरात विरळ उगवलं की, "औंदा बियाणंच खराब आलं." काका खोटं बोलत नाहीत. त्यांना खरंच तसं दिसतं. दुसऱ्याची चूक पाहताना आपलं काही दुखत नसतं, म्हणून नजर साफ राहते.

यातून एक साधी युक्ती निघते, आणि ती गावात सहज जमण्यासारखी आहे. आपलं अपयश दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहायचं. पारावर चार माणसं एकमेकांच्या वावरात फिरून आली आणि प्रत्येकानं आपल्या नव्हे, शेजाऱ्याच्या पिकाचं सांगितलं, तर चौघांनाही खरं कळेल. अट एकच, ऐकून घेणाऱ्याची त्यात लाज निघता कामा नये. गावातली बरीच शहाणपणाची बोलणी या एका अटीवर येऊन मोडतात.

'हुशार' म्हटलेलं पोर

कॅरोल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर यांचा १९९८चा अभ्यास पालकांनी आणि शिक्षकांनी जरूर समजून घ्यावा. पाचवीच्या वयाच्या अमेरिकन मुलांना आधी सोपी कोडी दिली. ती सुटल्यावर काहींना म्हटलं, "तू फार हुशार आहेस." काहींना म्हटलं, "तू चांगली मेहनत घेतलीस." मग सगळ्यांना मुद्दाम फार अवघड कोडी दिली, सगळेच अडले. तिसऱ्यांदा पुन्हा पहिल्यासारखी सोपी कोडी. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं आधीपेक्षा पुढे गेली. 'हुशार' म्हटलेली मुलं आधी जी सोडवत होती, तेवढीही सोडवू शकली नाहीत. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी आपले गुण दुसऱ्यांना वाढवून सांगितले.

कारण सरळ आहे. यश आलं म्हणून मी हुशार, तर अपयश आलं की मी कोण? पोराला अपयशाची नाही, त्या प्रश्नाची भीती वाटते.

आमच्याकडे हे तालुक्याच्या शाळेत दरवर्षी घडतं. दहावीला गावातून पहिला आलेला मुलगा अमरावतीला किंवा नागपूरला अकरावीला जातो. तिथे त्याच्यासारखे दीडशे 'पहिले' बसलेले असतात. पहिल्या चाचणीत ४० टक्के पडतात. गावाकडे फोनवर तो काहीच सांगत नाही, कारण गावानं त्याला ज्या नावानं निरोप दिला ते नाव आता त्याच्या अंगावर बसत नाही. हा मुलगा नापास झालेला नसतो. अवघड जागी गेल्यावर पहिले काही महिने असंच होतं, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

पण इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. "विचार बदला, आयुष्य बदलेल" असं जे भाषणांत सांगतात, तेवढी ताकद नुसत्या विचारात नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत नववीच्या सुमारे १२,००० मुलांवर मोठी चाचणी झाली. बुद्धी वाढवता येते, हे समजावणारा तासाभराहून कमी वेळाचा छोटा पाठ मुलांना दिला. अभ्यासात मागे असलेल्या मुलांचे गुण वाढले, पण थोडेच. चार गुणांच्या पट्टीवर ०.१ इतके. तासाभराच्या पाठाला एवढं यश कमी नाही, तरी चमत्कारही नाही. आणि ज्या शाळांमध्ये अवघड अभ्यास अंगावर घ्यायला वर्गातली सोबतची पोरंही तयार होती, तिथे तो परिणाम जास्त टिकला. बी चांगलं असलं तरी जमीन लागतेच.

हात आणि फळ यांचा संबंध तुटतो तेव्हा

१९६७ मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला. आज तो वाचताना त्रास होतो, पण त्यातून कळलेली गोष्ट आपल्या कामाची आहे. कुत्र्यांच्या दोन गटांना विजेचे त्रासदायक झटके दिले. एका गटाला डोक्यानं पट्टी दाबून झटका थांबवता येत होता. दुसऱ्या गटाला तेवढेच झटके, तेवढाच वेळ, पण काहीही केलं तरी थांबत नव्हते. नंतर दोन्ही गटांना अशा पेटीत ठेवलं, जिथे बुटकी आडभिंत ओलांडली की सुटका होती. पहिल्या गटातले कुत्रे उडी मारून गेले. दुसऱ्या गटातले बरेचसे पडून राहिले, कण्हत राहिले, उठलेच नाहीत.

त्रास दोघांना सारखाच होता. फरक एवढाच, की दुसऱ्या गटाला कळून चुकलं होतं: मी काहीही केलं तरी काही होत नाही.

२०१७चा हंगाम विदर्भात कोणीच विसरलेलं नाही. गुलाबी बोंडअळीनं कपाशी आतून पोखरली. बीटी कपाशीतल्या ज्या विषाच्या भरवशावर फवारणी कमी होईल असं सांगितलं होतं, त्याला अळी सरावून गेली होती. बाहेरून हिरवं दिसणारं बोंड उकललं की आत किडका कापूस. ज्यानं वेळेवर डवरणी केली, खत दिलं, निंदण केलं, त्याचंही गेलं आणि ज्यानं काही केलं नाही त्याचंही गेलं. त्यात गारपीट, श्रावणातला खंड, सोंगणीच्या वेळचा पाऊस आणि माल घरात आला की पडणारे भाव मिळवा. मेहनतीचा आणि फळाचा धागा असा वर्षानुवर्षं तुटत राहिला, तर माणूस बसून राहतो. त्याला आळशी म्हणणं किंवा "खचू नका, अपयशातून शिका" म्हणणं, दोन्ही मला अन्याय वाटतो. आधी विचारावं, शिकण्यासारखं त्यात त्याच्या हातात काय होतं?

२०१६ मध्ये, जवळपास ५० वर्षांनी, मायर आणि सेलिगमन यांनी स्वतःचाच सिद्धांत दुरुस्त केला. मेंदूचा अभ्यास पुढे गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की त्यांनी उलटं वाचलं होतं. लांबलेल्या त्रासात गप्प पडून राहणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते हे, की माझ्या हातात काही आहे. आणि एकदा ते शिकलेलं असलं की पुढच्या संकटात मेंदू त्या गप्प बसण्याला आवर घालतो. मला या दुरुस्तीत मोठी आशा दिसते. खचलेल्या माणसाला धीराच्या चार शब्दांपेक्षा, केलं की होतं अशा एखाद्या लहानशा कामाचा अनुभव जास्त लागतो. दोन शेळ्या, परसातला भाजीपाला, कोंबडीची दहा पिल्लं. उत्पन्न थोडं, पण तिथे हात आणि फळ यांच्यामध्ये कोणी येत नाही.

बोंडअळीच्या बाबतीतही हातात काहीच नव्हतं असं नाही, पण जे होतं ते एकट्याच्या हातात नव्हतं. मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे कामगंध सापळे लावून पतंग मोजायचे, सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले की उपाय करायचा, फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेलं कपाशीचं पीक, न घेता डिसेंबरअखेर पऱ्हाटी वावराबाहेर काढायची. हे एकानं केलं आणि शेजाऱ्यानं मार्चपर्यंत फरदड उभी ठेवली, तर पतंगाला धुरा आडवा येत नाही. काही अपयशं गावानं मिळून वाचावी लागतात आणि उपायही मिळूनच करावा लागतो.

आणि हे सगळं वाचणाऱ्या कोणाच्या मनात जगणं संपवण्याचे विचार येत असतील, किंवा घरातलं कोणी अचानक गप्प झालं असेल, जेवण-झोप सुटली असेल, "माझ्यामागं तुमचं बरं चालेल" असं बोलत असेल, तर ते शिकायचं अपयश नाही, ते दुखणं आहे. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. त्या माणसाला एकटं सोडू नका.

नागभीडच्या तुकड्यात

लहान अपयश कसं असतं, ते पाहायला लांब जावं लागत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. तिथले दादाजी खोब्रागडे जेमतेम दीड एकर जमिनीचे धनी, शिक्षण तिसरीपर्यंत. १९८३ मध्ये पटेल-३ या वाणाच्या धानात त्यांना तीन पिवळसर, वेगळ्याच लोंब्या दिसल्या. दुसऱ्या कोणी त्या भेसळ समजून उपटून टाकल्या असत्या. त्यांनी ते दाणे वेगळे जपले आणि पुढच्या वर्षी वेगळ्या छोट्या तुकड्यात लावले. त्यातून निवड, पुन्हा लावणी, पुन्हा निवड, असं काही वर्षं चाललं. त्यातून बारीक, चवीचा तांदूळ तयार झाला. त्या काळी एचएमटी घड्याळांची चलती होती, तेच नाव तांदळाला पडलं. पुढे त्यांनी आणखीही वाण काढले. २०१८ मध्ये ते गेले, पण एचएमटी आजही विदर्भाच्या ताटात आहे.

ही गोष्ट सांगताना लोक चिकाटीवर भर देतात. मला त्यातला तो छोटा तुकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. निवड म्हणजे काय? शंभर रोपांतली नव्वद नको म्हणायची. दरवर्षी दादाजींच्या हातून 'अपयशी' रोपंच जास्त गेली असणार. पण घर चालवणारं धान दुसऱ्या बाजूला उभं होतं. तुकडा पूर्ण बसला असता तरी चूल बंद पडली नसती. म्हणूनच ते पुढच्या वर्षी पुन्हा लावू शकले. दीड एकर सगळीच्या सगळी नव्या दाण्यावर लावली असती, तर एकाच खराब वर्षात प्रयोगही संपला असता आणि माणूसही.

नवीन काही करायचं तर आमच्याकडे उलटं होतं. कोणी सांगतं सफेद मुसळीत पैसा आहे, कोणी सांगतं शतावरीत, आणि कर्ज काढून तीन एकर एकदम लावले जातात. एक वाफा लावून एक वर्ष पाहिलं तर शेजारी हसतात म्हणून. हसू द्यावं.

कारण वाचता येणं

आता पुन्हा गोणपाटाकडे. त्या चाचणीचा एक फायदा माझ्या फार उशिरा लक्षात आला. समजा गोणपाटात ७२ उगवले आणि वावरात मात्र निम्मेही दिसत नाहीत. मग बियाण्यावर बोट ठेवता येत नाही. दोष खोलीचा, ओलाव्याचा किंवा वरून बसलेल्या मातीच्या कडक चिपडीचा. गोणपाटातच ४५ उगवले असते, तर वावरात तिफन कितीही नीट चालवली तरी काही झालं नसतं. म्हणजे मायची ती वळकटी वावरातलं अपयश टाळत नाही, ते वाचता येईल असं करते.

२०२०च्या खरिपात राज्यभरातून सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी आल्या. आदल्या वर्षी सोंगणीच्या वेळी पाऊस झाला होता, शेंगेतला दाणा भिजला होता. सोयाबीनचं टरफल पातळ, मार लागला किंवा भिजलं की त्याची उगवण घटते. त्या वर्षी ज्यांनी बियाण्याची पिशवी, तिच्यावरचं लेबल, पावती आणि मूठभर दाणे जपून ठेवले होते, त्यांची तक्रार उभी राहू शकली. ज्यांनी पिशवी फेकली, त्यांच्याकडे फक्त राग उरला.

चांद्रयानाचंही असंच आहे. ७ सप्टेंबर २०१९ रोजी विक्रम हा लँडर चंद्रावर आदळला. इस्रोनं आकडे काढून पाहिले: इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा जास्त पडला, चुका साचत गेल्या, यानाला पुरेशा वेगानं वळता आलं नाही, आणि उतरायची जागा अवघी ५०० बाय ५०० मीटर ठरवलेली होती. पुढच्या वेळी जागा ४ बाय २.४ किलोमीटर केली, पाय मजबूत केले, आणि काय काय बिघडलं तरी उतरता यायला हवं, या विचारानं यान बांधलं. २३ ऑगस्ट २०२३ रोजी ते उतरलं. त्यांच्याकडे संपर्क तुटेपर्यंतची नोंद होती, हे विसरू नये. नोंद नसती तर "नशीब" एवढंच कारण हाती लागलं असतं.

आता पहाटे पाच वाजता डांबरी रस्त्यावर पळणारी आमची पोरं. २०२४च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागा होत्या आणि अर्ज १७ लाखांहून जास्त. एकानं दोन-दोन अर्ज भरले असतील हे धरलं, तरी शंभरातल्या फार तर दोघा-तिघांना जागा होती. सगळ्यांनी जीव तोडून मेहनत घेतली असती तरी बाकीचे राहिलेच असते. हे गणित घरातल्यांना माहीत असायला हवं, कारण तिसऱ्यांदा राहिलेल्या पोराला "तुझ्यातच काहीतरी कमी आहे" असं घरच ऐकवत असतं. कमी असू शकतं. पण कुठे? १६०० मीटर धावणं २० गुणांचं, १०० मीटर आणि गोळाफेक १५-१५, लेखी १०० गुणांची. गुण गोळ्यात गेले की लेखीत, हे कागदावर पाहिलं तर पुढचे सहा महिने कशावर घालवायचे ते ठरतं. आणि किती वर्षं द्यायची, त्यासोबत दुसरं काय शिकून ठेवायचं, हेही निकालाच्या आधी ठरवलेलं बरं. निकालाच्या दिवशी ठरवलेलं एक तर रागातलं असतं किंवा दुःखातलं.

मी स्वतः बारावीला गणितात नापास झालो होतो. माझा पेपर मी कधी पाहिलाच नाही. तो पाहता येतो का, हे विचारायचंही कोणाला सुचलं नाही. घरात एक वाक्य तयार झालं, "आपल्या घरात गणित चालत नाही," आणि मी कला शाखेकडे वळलो. ते वाक्य मी पंचवीस वर्षं खरं मानलं.

परवा भाचीचा निकाल लागला, बारावी, गणित गेलं. ८० पैकी १९. घरात तेच वाक्य पुन्हा निघालं, माझ्याच तोंडून. मग माझा मलाच राग आला. मंडळाकडे अर्ज केला की उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते, पुरवणी परीक्षाही लगेच असते. छायाप्रत आली तेव्हा ती दोन दिवस दप्तरात तशीच पडली होती. भाची पाहायला तयार नव्हती. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, हा पेपर तुझा नाही असं समज, तुझ्या मैत्रिणीचा आहे, तिला सांगायचंय कुठं चुकलं.

ती ओसरीत बसली, पेन्सिल घेतली. जे आलंच नाही त्यावर फुली. जे येत होतं पण चुकलं त्यावर गोल. जे सोडवायचंच राहिलं त्यावर आडवी रेघ. पाऊण तास कोणी काही बोललं नाही. माय शेजारी पायली घेऊन तूर निवडत होती.

"मामा," भाची म्हणाली, "फुल्या तं सहाच हायेत. हे गोलवाले मले येत होते. आन् हे पानभर तं मी पाह्यलंच नाही, टाइमच नाही पुरला."

"किती होते मंग गोलचे?" मायनं मान वर न करता विचारलं.

भाचीनं मोजायला सुरुवात केली. मायनं तुरीचे हात पदराला पुसले, कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि कोरी बाजू वर करून तिच्यापुढं ठेवलं.